‘वर्ड, श्रीलिपी आणि पीडीएफ पुरे’ म्हणणाऱ्यांना

आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या शाळा, वाचनालयं आणि मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: “लिबरऑफिस, युनिकोड, ओपन फॉरमॅट ही शहरातल्या लोकांची हौस आहे. सगळं जग वर्ड वापरतं, तेच स्टँडर्ड. मराठी छापायची तर श्रीलिपीच. जपायचं असेल ते पीडीएफ करा. फुकटच्या सॉफ्टवेअरचा काय भरवसा? आणि आता सगळं ऑनलाइन झालंय, फाइली कोण सांभाळतो?” (लिबरऑफिस म्हणजे वर्डसारखंच, पण मुक्त सॉफ्टवेअर. श्रीलिपी हे मराठी छपाईचं सॉफ्टवेअर. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत.)

मी बेळगावात वीस वर्षं डीटीपी करतो. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका हे माझं रोजचं काम. हा मजकूर ज्यांनी पुढे पाठवला त्यातले बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, मराठीसाठी झटणारे आहेत. म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी श्रीलिपीचं बोलतो, कारण माझा हात तिच्यावरच बसला. मराठी छपाईवर तिचे उपकार आहेत. नव्या आवृत्त्यांत युनिकोडही आलंय. पण आपल्याकडच्या दुकानांतून अजून जुनेच फाँट चालतात, आणि त्या फाइलीत ‘क’ नसतोच. तिथं एखादं रोमन अक्षर किंवा खूण असते. फाँट तिच्यावर ‘क’चं चित्र चढवतो. फाँट नसला की खालची खूण उघडी पडते. सीमाभागात हे दुखणं दुप्पट आहे. एकाच अर्जावर वर कन्नड मजकूर जुन्या नुडीत (हे कन्नडचं तसंच सॉफ्टवेअर), खाली मराठी जुन्या श्रीलिपीत. तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा: दोन्ही भाषांचा सारखाच रोमन कचरा. कन्नड कुठं संपलं आणि मराठी कुठं सुरू झालं, तेही कळत नाही. युनिकोडनं १९९१ मध्येच देवनागरीला आणि कन्नडला वेगवेगळे क्रमांक दिले. तिथं फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं.

मागच्या वर्षी खानापूर तालुक्यातले एक काका सीडी घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी २००४ साली गावच्या संमेलनात स्वागताध्यक्ष म्हणून केलेलं भाषण स्मरणिकेत छापलं होतं. घरातली प्रत वाळवीनं खाल्ली. सीडीवर पेजमेकरची, म्हणजे छपाईची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल होती. पेजमेकरचं पुढचं काम त्याच्या कंपनीनं त्याच सुमाराला थांबवलं. त्याच कंपनीच्या इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या फाइली उघडण्याची सोय २०१२च्या सीएस६ या आवृत्तीपर्यंत होती, पुढे तीही गेली. ती फाइल मी उघडली लिबरऑफिसमध्ये. हो, त्याच ‘फुकटच्या’ लिबरऑफिसमध्ये, कारण २०१५ साली त्यात पेजमेकर वाचण्याची सोय काही लोकांनी मेहनतीनं घातली. पानं आली, फोटो आले, मजकूर मात्र रोमन. मग जुन्या फाँटचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला, तर ‘शेतकऱ्यांनो’ हा शब्द अकरा ठिकाणी, आणि अकराही ठिकाणी मधला ‘ऱ्या’ गळालेला. दोन रात्री बसून हातानं दुरुस्त केलं. भाषण सापडलं म्हणून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात मात्र एकच विचार: जुने फाँट वापरून अशी शेकडो कामं मीच करून दिलीत.

“युनिकोडमध्ये जोडाक्षरं मोडतात” हेही त्या मजकुराखाली कुणी तरी लिहिलंय. पेजमेकरमध्ये मोडतात, कारण पेजमेकर युनिकोड कधी शिकलाच नाही. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे युनिकोड फाँट कुणालाही मोकळे आहेत, आणि बलूमध्ये कन्नडही आहे. लग्नपत्रिकेच्या दोन्ही बाजू एकाच वळणात लावता येतात.

वर्ड हेच स्टँडर्ड? जास्त लोक वापरतात म्हणून काही मानक होत नाही. नियम लिहून सर्वांसमोर ठेवले, कुणालाही ते वापरून सॉफ्टवेअर बनवता आलं, तर ते मानक. ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे आपली ओडीटी फाइल, २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झाला. डॉकएक्सचं, म्हणजे वर्डच्या फाइलीचं मानक २००८ मध्ये मंजूर झालं, तेही खरंच आहे. पण पहिला मसुदा सहा हजारांहून जास्त पानांचा होता, आणि भारतीय मानक ब्यूरोनं २००७ आणि २००८ दोन्ही वेळा विरोधात मत दिलं. ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं केंद्र सरकारचं धोरण नोव्हेंबर २०१०चं आहे. ही शहरी हौस कशी म्हणायची? एक करून बघा. ओडीटी फाइलीची एक प्रत घ्या, तिच्या नावाच्या शेवटी .zip लावा, उघडा, आणि आतली कंटेंट नावाची फाइल नोटपॅडमध्ये टाका. खुणांच्या गर्दीत तुमची मराठी वाक्यं सरळ वाचता येतील. उद्या लिबरऑफिस बंद पडलं तरी मजकूर हातात राहील.

एक गोष्ट मान्य करतो. डॉकएक्समधले गुंतागुंतीचे तक्ते लिबरऑफिसमध्ये कधी कधी विस्कटतात. ताळेबंदाच्या कामात मला त्याचा त्रास होतो.

पीडीएफबद्दल फार भांडत नाही. तेही २००८पासून आयएसओचं खुलं मानक आहे. पण ती छापलेल्या कागदाची जागा घेते, मूळ हस्तलिखिताची नाही. आणि जुन्या फाँटमधून केलेल्या पीडीएफमध्ये ‘खानापूर’ शोधा: पानावर दहादा दिसतं, सापडत एकदाही नाही.

फुकट आणि मुक्त हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवू या. २०१० मध्ये ओपनऑफिस, म्हणजे लिबरऑफिसचं आधीचं रूप, सांभाळणारी कंपनी दुसऱ्या कंपनीच्या हातात गेली. काम करणाऱ्यांना भरवसा वाटेना, तेव्हा ते कोड घेऊन बाहेर पडले आणि त्याच वर्षी लिबरऑफिस उभं राहिलं. कोड मुक्त, म्हणजे कुणीही घेऊन बदलावा असा होता, म्हणून हे जमलं. पेजमेकरच्या गिऱ्हाइकांना तसं करता आलं नाही. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवताहेत. आपल्याकडे मात्र क्रॅक केलेली वर्डची कॉपी भरवशाची मानतात.

राहिलं ऑनलाइन. वीस-बावीस वर्षांपूर्वी मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांसाठी त्यांचा-त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे. त्या काळी जपून ठेवलेली पानं आज उघडली तर वाचता येत नाहीत. गूगल डॉक्स खुशाल वापरा, मीही वापरतो. पण काम संपलं की तिथूनच ओडीटीची प्रत उतरवून घ्या.

दुकानात स्मरणिका किंवा अहवाल टाकताना आधीच सांगा: युनिकोडमध्ये करा, आणि पीडीएफसोबत मूळ मजकुराची ओडीटी द्या. ज्यांच्या कपाटात जुन्या सीडी आहेत त्यांनी त्या याच महिन्यात हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. फॉरमॅटचं नंतर बसून बघता येईल. सीडी वाचेनाशी झाली तर माझ्याकडेही इलाज नाही.