६४.१ हा आकडा कुठल्या बंदरातला आहे?

'१८७६ ते १९३८ मध्ये गरीब देशांच्या मालाचा भाव १०० वरून ६४ वर आला, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त कमाई लुटली गेली.' हा फॉरवर्ड आता भाचीच्या परीक्षेच्या नोट्समध्येही घुसलाय, म्हणून बोलणं भाग आहे.

आकडा बनावट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४९ च्या अहवालातून अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी तो घेतला: १८७६-८० ला १००, १९३६-३८ ला ६४.१. पण तो कुठल्याच गरीब देशाच्या बंदरात मोजलेला नाही. ब्रिटनच्या व्यापारशर्ती (निर्यातीच्या भावाचं आयातीच्या भावाशी गुणोत्तर) घेतल्या आणि उलट्या केल्या, बस्स!

गोची इथेच आहे. ब्रिटनची आयात नोंदली जायची सीआयएफ, म्हणजे जहाजभाडं आणि विमा धरून. निर्यात एफओबी, म्हणजे भाडं वगळून. आणि नेमक्या याच काळात वाफेच्या जहाजांनी भाडी पाडली. कल्पित आकडे घेऊन पाहा. कच्चा माल मूळ बंदरात ६०, भाडं ४०, लंडनमध्ये १००. पुढे भाडं १५ झालं, मूळ बंदरातला भाव ६५, लंडनमध्ये ८०. कारखान्याचा माल लंडनला १०० वरच राहिला, पण भाडं २० वरून ८ झाल्याने गरीब देशात तो १२० ऐवजी १०८ ला उतरला. लंडनच्या वहीत गरीब देशाच्या व्यापारशर्ती १०० वरून ८० वर घसरल्या, त्याच्या स्वतःच्या बंदरात १२० वर गेल्या. व्यवहार तोच!

बाकीचं थोडक्यात. ब्रिटनच्या आयातीत अमेरिकेचा कापूस, ऑस्ट्रेलियाची लोकर, डेन्मार्कचं लोणीही होतं. हे गरीब देश कधीपासून झाले? शेवटचं टोक महामंदीच्या दशकात पकडलंय. आणि 'कमाई' म्हणायचं तर भावाच्या गुणोत्तराला निर्यातीच्या परिमाणाने गुणावं लागतं: समजा भाव ६४, माल तिप्पट, तर आयात करण्याची ताकद १९२.

घसरण अजिबात नव्हती असं मात्र म्हणता येत नाही. ग्रिली आणि यांग या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये २४ वस्तूंचा १९०० पासूनचा निर्देशांक बांधला, त्यात कारखानी मालाच्या तुलनेत वर्षाला साधारण अर्धा टक्का घट निघते. तेवढं मान्य.

पण लूट या गुणोत्तरात शोधूच नका. १८३० नंतर डचांच्या ताब्यातल्या जावात (आजच्या इंडोनेशियातलं बेट) सक्तीने कॉफी पिकवून घेतली गेली. ॲमस्टरडॅमला तिचा भाव चढला असता तर जावाच्या व्यापारशर्ती कागदावर सुधारल्या असत्या; शेतकऱ्याला मिळायचे ते सरकारने ठरवलेलेच पैसे.