उजव्या हातांचा दुष्काळ

माझ्याकडे डावे हात पुष्कळ आहेत. आइस्क्रीमच्या एका रिकाम्या डब्यात, झाकणावर मार्करने ‘डावे’ असं लिहून, ते नीट ठेवलेले आहेत. बंदूक धरलेले, कुऱ्हाड धरलेले, नुसतीच मूठ आवळलेले, आणि कुणावर तरी बोट रोखलेले. शेजारी तसाच दुसरा डबा आहे, ‘उजवे’ लिहिलेला. तो हलवला की आवाज येत नाही.

मी नॉटिंगहॅमला राहतो. बाहेरच्यांना हे गाव रॉबिन हूडमुळे माहीत असतं. पण लेंटन भागात विलो रोडवर खेळण्यातले सैनिक बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं ठाणं आहे, तिथेच वॉरहॅमर वर्ल्ड हे तिचं प्रदर्शन नि दुकान, आणि दाराबाहेर माणसाहून उंच असा चिलखती सैनिकाचा पुतळा. वॉरलॉर्ड, मॅन्टिक, पेरी अशी या धंद्यातली इतकी मंडळी आसपास आहेत की या पट्ट्याला ‘लेड बेल्ट’ म्हणतात. पूर्वी हे इवलेसे सैनिक शिशाच्या मिश्रधातूत ओतले जायचे, म्हणून. अशा गावात नोकरी लागली, यात माझा काय दोष?

खेळ साधा आहे. टेबलावर दोन सैन्यं मांडायची, इंचांच्या टेपने मोजून पुढे सरकवायची, आणि मुठी भरभरून फासे टाकायचे. मोठ्या माणसांनी हे करावं का, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम १९१३ मध्येच पुस्तकरूपाने छापले होते, आणि तेव्हा ते पन्नाशीकडे झुकले होते. माझा खेळ वॉरहॅमर ४०,०००. तो १९८७ चा, म्हणजे परंपरेच्या हिशेबाने कालचा.

तर हे सैनिक डब्यातून सैनिक म्हणून बाहेर पडत नाहीत. प्लॅस्टिकच्या एका चौकटीला, तिला स्प्रू म्हणतात, धडं, पाय, मुंडकी आणि हात सुटे लटकलेले असतात. सोबत चित्रांची पुस्तिका. सात नंबरचा हात आठ नंबरच्या खांद्याला लावा, असं ती सांगते. तिचं ऐकलं तर सकाळी उघडलेल्या डब्यातले दहाच्या दहा सैनिक दुपारच्या चहाला उभे असतात. असं ऐकणारी माणसं आहेत. त्यांची सैन्यं तयार आहेत आणि त्यांच्या बायका त्यांच्याशी बोलतात.

माझ्या हातात पुस्तिका आली की मी ती सरळ चहाच्या कपाखाली ठेवतो. याचं मुंडकं त्याच्या धडावर बसेल का, तो पाय उलटा लावला तर हा पळतोय असं दिसेल का, हे प्रश्न मला आधी पडतात. चार संचांतले अवयव जमवून पाचवाच प्राणी उभा करायचा, याला किटबॅश म्हणतात. रेल्वेची मॉडेलं करणारे हे फार आधीपासून करत आलेत. ‘स्टार वॉर्स’च्या १९७७ च्या पहिल्या चित्रपटातली अवकाशयानंसुद्धा दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या नि विमानांच्या किटमधले तुकडे चिकटवून सजवलेली होती. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

“त्यांना त्याचे पैसे मिळाले,” ती म्हणाली.

किटबॅशसाठी या खेळातल्या ऑर्कांसारखी दुसरी जात नाही. हिरवे, दांडगे, भांडायला कायम तयार. शत्रूचा रणगाडा पळवायचा, त्यावर मिळतील ते पत्रे ठोकायचे आणि वरून लाल रंग फासायचा, कारण लाल गाडी जास्त वेगाने पळते अशी त्यांची श्रद्धा. कथेतच ते भंगारातून वस्तू बनवतात, त्यामुळे कुठलाही वेडावाकडा तुकडा लावला तरी कुणी हरकत घेत नाही. कोल्हापूरकडच्या वडापच्या जीपमधून ज्याने प्रवास केलाय त्याला ऑर्कांचं वाहनशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही.

आता गोंद. प्लॅस्टिकचा गोंद खरं तर चिकटवत नाही, विरघळवतो. सैनिकांचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याचे दोन्ही काठ मऊ होतात, एकमेकांत मिसळतात, आणि द्रावक उडून गेलं की जोड एकजीव. टामिया या जपानी कंपनीची हिरव्या झाकणाची बाटली येते, तिच्या झाकणालाच बारीक ब्रश असतो. सांध्याला तो नुसता टेकवला की गोंद फटीत आपण होऊन ओढला जातो. पाहत राहावंसं वाटतं. पण काही सैनिक रेझिन नावाच्या ओतीव प्लॅस्टिकचे किंवा धातूचे असतात, त्यांच्यावर त्याची मात्रा चालत नाही. तिथे सुपरग्लू लागतो, आणि सुपरग्लूला घट्ट व्हायला ओलावा लागतो. तो ऑर्कच्या खांद्यावर कमी आणि माझ्या बोटांवर भरपूर असतो. एका सोमवारी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी अशा मीलनावस्थेत मी ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला बसलो होतो. ज्ञानमुद्रा पाहून साहेबांनी विचारलं, योगासनं सुरू केलीत वाटतं? मी डोळे मिटून मान हलवली. त्या मीटिंगमध्ये मला नवीन काम मिळालं नाही.

जड हात नुसत्या गोंदावर टिकत नाही. खांद्यात आणि दंडात हातड्रिलने एकेक मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि आत पेपरक्लिपची तार बसवायची. दोन्ही भोकं समोरासमोर यावीत म्हणून एका बाजूला रंगाचा ठिपका देऊन तो दुसऱ्या बाजूवर उमटवून घेतात. ठिपका बरोबर मधोमध उमटतो. भोक मात्र त्याच्या शेजारच्या गल्लीत पडतं.

आणि हे सगळं हात सापडला तर. स्प्रूपासून तो सोडवताना कटर शेवटचा दांडा तोडतो, ‘टिक्’ असा आवाज होतो आणि हात जातो. कुठे जातो हे भौतिकशास्त्राने अजून सांगितलेलं नाही. सैनिकाचीच उंची अठ्ठावीस मिलिमीटर, त्यात त्याचा हात केवढा असणार? शिवाय तो करडा, आणि भाड्याच्या घरांतले गालिचे घरमालक नेमके त्याच रंगाचे टाकतात.

त्या रात्री गेलेला हात उजवा होता. कुऱ्हाडीचा. दिवे बंद करून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवला की छोट्या वस्तूचीही लांब सावली पडते, म्हणून मी अंधारात पोटावर पडून सावल्या तपासत होतो. आई तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली. पाणी प्यायला उठली आणि दारात थांबली.

“काय शोधायलास रे?”

“हात.”

“कुणाचा?”

“ऑर्कचा.”

आईने चष्मा आणला आणि खाली बसली. दुसरा प्रश्न नाही. मुलगा दूर देशी राहिला की आया फार प्रश्न विचारत नाहीत. अर्ध्या तासात तिला चार मेथीदाणे, एक पेनी आणि मागच्या खेपेला हरवलेली स्वतःच्या कुड्याची फिरकी सापडली. फिरकी हातात घेऊन ती म्हणाली, “बघ, शोधलं की मिळतंय,” आणि झोपायला गेली. हात मिळाला नाही.

मग एकच उपाय उरला: डाव्याचा उजवा करायचा. अंगठा तासून काढायचा आणि पंजाच्या दुसऱ्या बाजूला नवा घडवायचा. ऑर्कच्या बाबतीत हे जमतं, कारण या सैनिकांचे हात आणि डोकी मुद्दामच प्रमाणापेक्षा मोठी ठेवतात, टेबलापलीकडून दिसावीत म्हणून. याला हिरोइक स्केल म्हणतात. आपल्याकडे दिवाळीतल्या किल्ल्यावर ते कधीपासूनच आहे. आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर महाराज बालेकिल्ल्यापेक्षा उंच असायचे आणि दरवाजावरचा मावळा दरवाजातून आत जाऊ शकला नसता. कुंभार गल्लीतून आणलेल्या त्या मावळ्यांपैकी एकाची तुटलेली ढाल मी दुसऱ्याच्या पाठीवर फेविकॉलने बसवली होती. आईला ते आठवत होतं. म्हणजे हा आजार इंग्लंडच्या हवेमुळे झालेला नाही, एवढं तरी घरात मान्य झालं.

अंगठ्याला ग्रीन स्टफ लागतं. ही इपॉक्सी पुट्टी. निळी आणि पिवळी अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटून येतात. जिथे त्या एकमेकींना लागलेल्या असतात तिथे आधीच गाठी धरलेल्या असतात, ती मधली कड कापून टाकायची. उरलेलं मळायचं, निळी रेघ दिसेनाशी होऊन हिरवा गोळा होईपर्यंत. पिवळं जास्त पडलं तर गोळा चिकट नि मऊ, निळं जास्त पडलं तर कडक. तास-दीड तास हाताळता येतो, पुरता घट्ट व्हायला रात्र जाते. हत्यार सतत ओलं ठेवावं लागतं, नाहीतर पुट्टी सैनिकाला सोडून हत्याराच्या प्रेमात पडते.

आई शेजारी बसून माझं मळणं बघत होती. “तिंबलं नाहीस नीट,” ती म्हणाली. तिने हात पुढे केला, पण ही पुट्टी उघड्या हातांनी मळू नये, म्हणून मी तिला रबरी हातमोजे दिले. मग गोळा असा काही एकजीव झाला की त्याच्या पुऱ्या लाटाव्यात.

अंगठ्याला त्यातलं किती लागणार? मोहरीएवढं. उरलेला गोळा सकाळपर्यंत दगड होणार, आणि आमच्या घरात काहीही वाया घालवण्याला कायद्याने बंदी आहे. आईने ऑर्कला दिव्याखाली धरून सगळीकडून पाहिलं.

“टकल्या बरा दिसत नाही. फेटा बांध याला.”

मी पुट्टीची लांब वळी करून डोक्याभोवती गोल गोल गुंडाळली. आईने तोंड असं केलं की मी ती न सांगताच सोडली.

“ही चुंबळ झाली. आधी शेमला सोड मागं. मग वेढे, तिरके, एकावर एक चढलेले. कपाळावर टोक येऊ दे. तुरा शेवटी.”

पुढचा तासभर नॉटिंगहॅममधल्या एका स्वयंपाकघरात ऑर्कला कोल्हापुरी फेटा बांधला जात होता. पुट्टी चपटी करून सुरीने पट्ट्या कापल्या, सुरीला व्हॅसलीन लावून एकेका पट्टीवर चुण्या पाडल्या. वेढा चढवायचा, आईला दाखवायचा, उतरवायचा. “तुझ्या मामाच्या लग्नात ज्यानं फेटे बांधले ना, त्याचे दुसऱ्या दिवशी आंघोळीला काढले तरी सुटत नव्हते,” ती म्हणाली. ऑर्कचे कान फेट्याबाहेर ठेवायचे की आत, यावर थोडी चर्चा झाली. बाहेर ठरले, पाहुण्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून. तुरा सगळ्यात अवघड. पंख्यासारखा पसरलेला हवा आणि झुकता कामा नये. त्याला मागून स्प्रूच्या तुकड्याचा टेकू देऊन रात्रभर ठेवला. सकाळी पाहिलं तर शेवटच्या वेढ्यावर माझ्या बोटाचा ठसा स्वच्छ उमटलेला. मी तो घासायला गेलो तर आई म्हणाली, “राहू दे. कापडाचं विणकाम वाटतंय.”

इथपर्यंत आलेला किटबॅश बघण्यासारखा नसतो. धड करडं, पाय दुसऱ्या संचातले गडद करडे, पंजा नि फेटा हिरवा, सांध्यांतून तारा डोकावताहेत. मग त्यावर प्रायमरचा काळा फवारा मारायचा, आणि सगळ्यांचा एकच रंग झाला की कोण कुठून आलं हे कुणाला विचारता येत नाही. फवाऱ्यासाठी दिवस कोरडा, उबदार आणि बिनवाऱ्याचा लागतो, नाहीतर अंगावर रंगाची खरखरीत भुकटी बसते. इंग्लंडात असा दिवस येतो. आम्ही वाट पाहिली. फेटा केशरी रंगवायचा आणि काठ सोनेरी, हे आईने परत जाताना विमानतळावर पुन्हा एकदा बजावलं.

शेवटी क्लबात खेळायला गेलो. समोर एक निवृत्त रेल्वेवाले आजोबा, निळं चिलखती सैन्य, प्रत्येक सैनिक पुस्तिकेबरहुकूम. या खेळात शिस्तीची माणसं ‘जे दिसतं तेच आहे’ हा नियम पाळतात: सैनिकाच्या हातात जे शस्त्र चिकटवलंय तेच त्याच्याकडे आहे असं धरायचं. आजोबांनी माझा फेटेवाला ऑर्क सरदार उचलून डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, डोक्यावर हे काय आहे, आणि याचा नियम कोणत्या पानावर? मी त्यांना शेमला दाखवला, तुरा दाखवला, काठ दाखवला. मामाच्या लग्नाचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सरदाराला हलकेच जागेवर ठेवलं आणि पहिल्याच फेरीत दोन तोफा त्याच्यावर रोखल्या. नव्याने रंगवलेला सैनिक आधी मरतो, हे या खेळातलं जुनं सत्य आहे. नवा म्हणून आपण त्याला सगळ्यांत पुढे उभा करतो, दुसरं काय होणार? बाकीचा खेळ त्याने टेबलाच्या कडेला, फाशांच्या डब्याशेजारी उभं राहून पाहिला.

रात्री आईचा फोन आला.

“झाली का लढाई? काय केलं त्यानं?”

“मेला. पहिल्याच फेरीत.”

आई थोडा वेळ गप्प.

“आणि फेटा?”

“जागच्या जागी.”

“मग झालं तर,” आई म्हणाली. “बाकीच्यांना कधी बांधतोस?”