आवाज आधी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: हायस्कूलच्या मुलांना व्हिडिओ शिकवताना मी आवाजापासून सुरुवात करायला सांगते, त्यात मुलं कंटाळतात, त्यांच्या हातात फोन द्यावा, मनासारखं शूट करू द्यावं, आवाज काय, एडिटिंगमध्ये नीट करता येतो.

मनासारखं शूट करू द्यावं हे मलाही मान्य आहे. पण शेवटचं विधान खरं नाही, आणि शिकवण्याचा सगळा क्रम तिथेच ठरतो.

चित्रातली चूक मुलांना दाखवून द्यावी लागत नाही. फ्रेम हलली, चेहरा काळवंडला, डोकं कापलं गेलं, तर ती स्वतःच पुन्हा शॉट घेतात. आवाजाचं तसं नाही. थोडा वेळ खोलीत बसलं की पंख्याची घरघर आपल्या कानांना जाणवेनाशी होते. माइकमध्ये मात्र ती जशीच्या तशी उतरते. चूक कळते ती एडिटिंगला बसल्यावर. तोवर उजेड गेलेला असतो, कपडे बदललेले असतात आणि काम करणारा मित्र घरी पोचलेला असतो.

एक प्रयोग करून बघा, एका तासिकेत होतो. पंखा सुरू ठेवा. फोन टेबलावर ठेवा आणि जागचा हलवू नका. एका मुलीला एकच वाक्य तेवढ्याच आवाजात 30, मग 60, मग 120 सेंटिमीटरवरून म्हणायला लावा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 120 वर तो जवळजवळ 12 डेसिबल खाली असतो. पंखा तिन्ही वेळा तेवढाच. आता तिसरं वाक्य पहिल्याइतकं मोठं करा: पंखाही 12 डेसिबलने चढतो. नॉइज काढणारं टूल लावलं तर घरघर कमी होते, पण जोर वाढवला की शब्दांच्या कडा झिजतात आणि बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटू लागतं. शिवाय बरेच फोन रेकॉर्डिंगची पातळी आपोआप वरखाली करतात, त्यामुळे दोन वाक्यांमधल्या विरामात घरघर फुगून वर येते. हे सगळं हेडफोनवर, डोळे मिटून ऐकवा. स्वतःचा आवाज असा बिघडलेला ऐकताना मुलं कंटाळत नाहीत; ती कंटाळतात फळ्यावरच्या आकृत्यांना.

आवाजाच्या या सुरुवातीला एकूण दोन तासिका जातात, आठवडे नाही. तिसऱ्या तासिकेला शूटिंग सुरू.

तेव्हा दोन फोन वापरावेत. एक कॅमेरा, दुसरा बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात, माइकचं टोक वर करून. दोन्ही फ्लाइट मोडवर, नाहीतर ऐन टेकमध्ये, म्हणजे शॉट घेण्याच्या प्रयत्नात, फोन येतो. दोन्हीकडे रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एक ठसठशीत टाळी. एडिटिंगमध्ये तिच्यावरच आवाज जुळवायचा. टेक एका मिनिटाच्या आत ठेवा, कारण अनेक फोनचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं टिपली जातात तो वेग) शूट करताना बदलत राहतो आणि लांब टेकमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू सुटतात. खिशाचं कापड घासत असेल तर फोनखाली मऊ रुमाल घाला. आणि जागा सोडण्याआधी सगळ्यांनी गप्प उभं राहून खोलीचा 30 सेकंदांचा नुसता आवाज घ्यायचा. संवाद कापले की मध्ये जी खोल पोकळी ऐकू येते, ती यानेच भरते. हे हमखास विसरलं जातं, म्हणून शॉटच्या यादीत त्याची वेगळी ओळ हवी.

‘आवाजाचं काम कुणालाच नको असतं’ हे तुमचं निरीक्षण मात्र अगदी बरोबर आहे, आणि त्यावर विचार व्हायलाच हवा. चौघांच्या गटात कामं दर शूटिंगला फिरवावीत. पण नुसतं फिरवून भागत नाही. हेडफोन ज्याच्या कानावर, त्याने ‘टेक बाद’ म्हटलं की टेक बाद. दिग्दर्शकानेही हुज्जत घालायची नाही. एवढा अधिकार दिला की ते काम उरलंसुरलं राहत नाही.

गटाकडे एकच फोन असेल तर काय, असंही तुम्ही विचारलंय. शॉट संपताच त्याच जागी, पंखा बंद करून, तोच फोन तोंडापासून वीतभर अंतरावर किंचित बाजूला धरा आणि तेच संवाद त्याच वेगाने पुन्हा म्हणून घ्या. दूरच्या शॉटवर किंवा पाठमोऱ्या माणसावर ते सहज बसतात. जवळच्या शॉटमध्ये ओठ जुळणार नाहीत. तिथे ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा.