पेपर दिल्लीचा, पोरगं कोल्हापूरचं

पोरानं दहावीला नव्वदच्या पुढं मार्क पाडले, तालमीच्या दारात फ्लेक्स लागला, पेढे वाटून झाले. आता त्याला हळूच बाजूला घ्या आणि सांगा, बाळा, हे मार्क मनावर घ्यायचे नसतात. देणारं मंडळ आपल्याच राज्याचं, त्याचं विभागीय कार्यालय आपल्याच गावात. इतक्या जवळच्यानं दिलेल्या मार्कांना कोण विचारतंय? त्यात पुन्हा चित्रकलेच्या ग्रेडचे आणि खेळाचे वाढीव गुण. तुमचा पोरगा फुटबॉल कसा खेळतो हे बघायला देशाला सवड नाही. डॉक्टर व्हायचं तर देशाची एकच प्रवेश परीक्षा, नीट. तीत देश चार पर्याय देतो, एक गोल काळा करायला सांगतो आणि चुकलात तर एक मार्क कापून घेतो. याला म्हणतात दर्जा.

मूळ घटनेत शिक्षण राज्यांकडं होतं. 1976 साली, आणीबाणीत, 42व्या दुरुस्तीनं ते समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेलं. तेव्हापासून दोन भावांच्या सामायिक विहिरीसारखं चाललंय. पाणी उपसायला दोघंही पुढं, गाळ काढायचा म्हटलं की प्रत्येकाला दुसऱ्याची पाळी आठवते. तुम्ही या भांडणात पडू नका, वाटणी तेवढी समजून घ्या. शाळा, गुरुजींचे पगार, बारावीचे पेपर, कॉपी पकडणारी भरारी पथकं राज्याची. डॉक्टरकीचं दार केंद्राचं. त्या दारात तुमच्या बारावीचा उपयोग एवढाच, की खुल्या प्रवर्गातल्या पोराला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून 50 टक्के हवेत. तेवढे पडले की गुणपत्रिका लॅमिनेट करून कपाटात ठेवा.

म्हणून अकरावीचं कॉलेज निवडताना शहाण्या पालकानं एकच चौकशी करावी, इथं हजेरी घेतात का? घेत असतील तर नमस्कार करून बाहेर पडावं. पोराचं नाव लांबच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असावं आणि पोरगं राजारामपुरीतल्या क्लासच्या एसीत. प्रॅक्टिकलचे 30 मार्क काय, प्रयोगशाळेचं कुलूप न काढताही पडतात. रिकाम्या बाकांपुढं उभ्या असलेल्या सरांना वाईट वाटत असेल, तर त्यांची समजूत काढा. सर, तुमचा पगार मुंबईहून वेळेवर येतोय ना? मग काय शिकवायचं ते दिल्लीचा पेपर ठरवेल आणि शिकवायचं ते क्लासवाला बघून घेईल. तुम्ही निवडणुकीच्या याद्या करा.

पोराला झोप येत नसेल तर 2016 ची गोष्ट सांगा. 28 एप्रिलला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, यंदापासूनच नीट. राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, सीईटी, तोंडावर. पोरं दोन वर्षं तिच्या तयारीत. 5 मे रोजी सीईटी झालीसुद्धा. पोरं पेपर देऊन बाहेर आली ती एकमेकांना विचारत, आपण हा दिला कशासाठी? मग 24 मे रोजी अध्यादेश निघाला आणि त्या वर्षापुरती राज्यांना सवलत मिळाली. जीवशास्त्राच्या पुस्तकात सहनशक्तीचा धडा नाही, तो असा महिनाभरात शिकवून झाला. कुणाची चूक, हे अजून दोन्ही भावांना विचारता येतं. दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवतील.

2024 साली तर राष्ट्रीय एकात्मताच साधली. पेपर फुटला पाटणा-हजारीबागला आणि घरोघरी जेवण गेलं नाही ते शिरोळ-गडहिंग्लजला. निकालात 67 जणांना 720 पैकी 720. राज्यापुरता पेपर असता तर एवढा मोठा बंधुभाव कुठून आला असता?

मात्र हे वाचून लगेच राज्याचा अभिमान दाटून येऊ देऊ नका. 2025 मध्ये इंजिनीअरिंगसाठीच्या आपल्याच सीईटीच्या एका सत्रात गणिताचे 21 प्रश्न सदोष निघाले आणि पोरांना मे महिन्यात पुन्हा बसवावं लागलं. चुका करायलाही आम्ही दिल्लीवर अवलंबून नाही, हे त्यातून सिद्ध झालं. तमिळनाडूनं नीट नको म्हणून 2021 मध्ये विधेयक केलं. आमच्या सरकारनं सोपी वाट शोधली, पहिलीपासून केंद्रीय मंडळाचा सीबीएसई पॅटर्नच घरी आणायचा. म्हणजे भांडणाला दुसरा भाऊच उरत नाही.

केंद्राला प्रादेशिक अस्मिता कळत नाही, असंही कुणी म्हणू नये. नीटला बूट चालत नाहीत, कमी टाचेची चप्पल चालते. कोल्हापुरी चपलेला याहून मोठी राष्ट्रीय मान्यता ती कुठली? करकर वाजणारी मात्र घालून पाठवू नका. पर्यवेक्षक बिथरतो.

आणि कुणी शाहू महाराजांचं नाव काढलं तर विषय बदला. कागल-कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक साऱ्या देशासाठी मांडलं, ते 1912 मध्ये नामंजूर झालं. महाराजांनी 1917 मध्ये आपल्या संस्थानापुरतं ते करून दाखवलं. वर पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आज आपण पोरानं कॉलेजात जाऊ नये म्हणून क्लासला लाखांत मोजतो, तेही हप्त्यानं. जुन्या दरानं दंडाचे एकूण किती होतात, तो हिशेब पोराला घालू नका. नीटला गणित नसतं.