सड्यावरची वसाहत आणि सड्याखालचे पाणी

सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, बंगल्यांची मोठी वसाहत उभारण्याचा प्रस्ताव आल्यापासून पारावर दुसरा विषय निघत नाही. विरोध बहुतेकांचा आहे. तो कशाच्या आधारावर करायचा, यावर मात्र एकमत होत नाही.

आबांचे म्हणणे रोखठोक होते. "सातबाऱ्यावर माझ्यासकट अख्ख्या भावकीची नावे आहेत. त्या वरकस, हलक्या जमिनीतून माझ्या घरात पायलीभर नाचणीसुद्धा आलेली नाही. मुंबईचे भाऊबंद विकायला तयार आहेत. मग निसर्गाची राखण मी एकट्याने फुकटात का करायची?"

गुरुजींनी कायद्याचा आधार घेतला. सावंतवाडी-दोडामार्ग हा वन्यजीवांचा भ्रमणमार्ग आहे. या पट्ट्यातील २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया पूर्ण करण्याचे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिले, आणि त्याच वर्षी जुलैअखेर केंद्राने पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्रासाठी काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या नव्या प्रकल्पांना मनाई सुचवली आहे, हे त्यांनी सांगितले.

"गुरुजी, मसुदा म्हणजे कायदा नव्हे," जमिनीचे व्यवहार जुळवून देणारे भाई म्हणाले. "२०१४ पासून मसुदेच निघताहेत. शिवाय एका वसाहतीचे कागदावर चार प्रकल्प केले, तर प्रत्येक त्या मर्यादेच्या आतच बसेल."

भाईंचे बोलणे कोणाला रुचले नाही, पण ते खोडूनही काढता आले नाही. त्यात आणखी एक भर मला घालावी लागली. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना आणि वसाहतींना जनसुनावणीतून वगळले आहे. मोठी खाण येणार असेल तर मांडव घालून गावाचे म्हणणे ऐकावे लागते. शेकडो बंगले येणार असतील तर तेवढेही बंधन नाही. (मांडवात ऐकलेले पुढे किती विचारात घेतले जाते, हा वेगळा विषय.) त्यामुळे जनसुनावणीत बघून घेऊ, असे म्हणणाऱ्यांनी ती वाट सोडून द्यावी.

माझ्या मते आपली खरी बाजू सड्याच्या वर नसून खाली आहे. पावसात सड्यावर फुलणारी सीतेची आसवे सुंदर आहेत, पण त्यांच्यासाठी आबा जमीन विकायचे थांबणार नाहीत. पाण्याचे तसे नाही. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जाते, तिथे अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. खालच्या वाडीतल्या दाजींच्या बागेत मे महिन्यात जेमतेम बोटाएवढी धार उरते. ती दगडी कुंडीत रात्रभर साठवून सकाळी पाटाने पोफळींना सोडतात. वर रस्ते आणि फरशी झाली की मुरणारे पाणी पऱ्याने (पावसाळी ओढ्याने) थेट वाहून जाईल, बंगल्यांच्या विंधनविहिरी उरलेले उपसतील, आणि शौचालयांच्या शोषखड्ड्यांतले सांडपाणी त्याच छिद्रांतून दाजींच्या कुंडीकडे उतरेल.

"म्हणजे पाणी दाजींचे आणि जमीन माझी," आबा म्हणाले. "मग दाजींची पोफळ जगवल्याबद्दल मला कोण काय देणार?"

यावर पारावर कोणाकडे उत्तर नव्हते, आणि आमच्या विरोधाची कमजोर जागा हीच आहे असे मला वाटते. सड्याचा लाभ खालच्या वाड्यांना आणि तोटा वरच्या खातेदारांना, अशी वाटणी राहिली तर एकेक सही फुटत जाईल. त्यात संवेदनशील क्षेत्र झाले की घराचे कौलही बदलता येणार नाही, ही अफवा पसरलेली आहे. वास्तविक मसुद्यात राहत्या घरांच्या दुरुस्तीला आणि विस्ताराला मोकळीक आहे.

शेवटी ग्रामसभेपुढे मांडायच्या ठरावाचा कच्चा मजकूर गुरुजींनी लिहायला घेतला. झरे आणि विहिरी गटक्रमांकासह नोंदवाव्यात, आणि तुकडे करून आलेले प्रस्ताव एकच प्रकल्प म्हणून तपासावेत, अशी मागणी त्यात आहे. आबांनी पहिल्या कलमाची जागा रिकामी ठेवायला लावली: सडा न विकणाऱ्या खातेदारांना पाणीपट्टीतून काय द्यायचे, हे तिथे लिहिल्याशिवाय आपण हात वर करणार नाही, असे त्यांनी बजावले. दाजींना बोलावणे धाडले आहे.