समुद्री टाकीतलं शेवाळ: शेततळ्याचे उपाय इथे चालत नाहीत

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूरकडच्या मासे पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज सारखा फिरतोय. घरच्या समुद्री मत्स्यालयाची, म्हणजे खाऱ्या पाण्याची, नवी टाकी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तपकिरी पडली की ती नासली समजा, अशी त्याची सुरुवात आहे. मग सल्ले. सगळं पाणी काढा आणि वाळू-दगड ब्लीचिंग पावडरने धुवा. आरओच्या नादी लागू नका, आपल्या बोअरच्या जड पाण्यात समुद्रासारखेच क्षार असतात, त्यात नुसतं मीठ घाला. आठवडाभर दिवे बंद ठेवा. तरीही हटलं नाही तर चिमूटभर मोरचूद. समुद्रकाठचे जिवंत दगड, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेले प्रवाळाचे दगड, आणून टाका. आणि नायट्रेट कायम शून्यावर ठेवा. लिहिणाऱ्याने शेततळी बरीच पाहिली असावीत; समुद्री टाकी पाहिली असेल असं वाटत नाही.

आधी ते "नासली" प्रकरण. तपकिरी थर म्हणजे डायटम. या सूक्ष्म जिवांना कवच बांधायला सिलिका लागते, आणि ती नव्या टाकीत वाळूतून, सुक्या दगडातून, पाण्यातून आयती मिळते. जागाही मोकळी असते, कारण तिच्यावर हक्क सांगणारं दुसरं कुणी अजून वस्तीला आलेलं नसतं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तेवढ्यात तपकिरी थर येणं आणि मग काचेवर हिरवी झाक येणं हे वेळापत्रकाला धरूनच आहे. थर बोटाने पुसला जातो आणि सिलिका संपली की आपोआप ओसरतो. ब्लीचिंगने दगड धुतले तर जिवाणू मरतात, अमोनिया पुन्हा चढतो आणि तुम्ही पहिल्या दिवसावर येता. शिवाय 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला दर वेळी अख्खी टाकी गटारात सोडा म्हणायचं म्हणजे कमाल आहे. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदललं तरी पुरतं.

आता बोअरचं पाणी. मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबू.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 1000 आला तर आपण तोंड वाकडं करतो, पण तो लिटरला जेमतेम 1 ग्रॅम. समुद्रात लिटरला मॅग्नेशियम सुमारे 1300 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम 400 च्या वर असतं. बोअरच्या पाण्यात किलोभर खाण्याचं मीठ ओतून त्यातलं काहीही भरून निघत नाही. मिळतं ते आयोडीनयुक्त खारट पाणी. समुद्राचं पाणी करायला मत्स्यालयाचं तयार समुद्री मीठच लागतं.

शेवाळाचं खरं कारण मात्र बोअरच्या पाण्यातून जे नको ते येण्यात आहे. मराठवाडा काळ्या कातळावर बसलाय, आणि या बेसाल्टचा वजनाने जवळपास निम्मा भाग सिलिका असतो. त्याच्या भेगांमध्ये मुरलेलं पाणी थोडी सिलिका सोबत घेऊन वर येतं. त्यात शेतातला युरिया, उकिरडे आणि शोषखड्डे यांचं नायट्रेट मिसळतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, म्हणजे माणसाला चालणारं पाणीसुद्धा शेवाळाला मेजवानी असू शकतं.

हिशोब करून बघा. मे महिन्यात पारा चाळिशीपार, वर कूलर चालू. 100 लिटरच्या उघड्या टाकीतून रोज 2 लिटर पाणी उडालं असं धरा. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. ती भर तुम्ही रोज बोअरच्या पाण्याने घातली तर 50 दिवसांत 100 लिटर बोअरमधलं सगळं नायट्रेट, सगळी सिलिका त्याच टाकीत साचलेली असते. लिटरला 40 मिलिग्रॅम नायट्रेटचं पाणी असेल तर टाकीत तेवढीच आणखी भर पडली. मग माणूस म्हणतो, खाणं कमी केलं, दिवा कमी केला, तरी शेवाळ जात का नाही!

घरच्या आरओवरही डोळे झाकून विसंबू नका. चव यावी म्हणून त्यात टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा, टप्पा जोडा. जारचं पाणी घेत असाल तर आधी टीडीएस मीटर बुडवा. आणि एक खोच लक्षात ठेवा: सिलिका टीडीएस मीटरवर जवळजवळ दिसतच नाही, आणि रेझिन थकत आलं की सगळ्यांत आधी तीच निसटते. मीटर शून्य दाखवतोय आणि काच पुन्हा तपकिरी होतेय, तर रेझिन बदला. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला, गाडीला वापरा. आपल्याकडे ते सांगायला नकोच.

दिव्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. पहिल्या महिन्यात टाकीत प्रवाळ नसतील तर दिव्याची गरजच नसते. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना उजेड लागत नाही. नंतरही 6 ते 8 तास पुरे, आणि टाकी खिडकीतल्या उन्हापासून लांब. पण वाढलेलं शेवाळ अंधारात मारलं तर ते तिथेच कुजतं, त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट पाण्यात परत येतं आणि कुजताना प्राणवायू खर्च होतो. खाऱ्या, कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. वर भारनियमनात पंप बंद पडला तर मासे सकाळपर्यंत टिकतील याची खात्री नाही. आधी हाताने उपटून बाहेर काढा, मग वाटलं तर तीन दिवस अंधार करा, पंप इन्व्हर्टरवर ठेवून.

मोरचुदाचं मात्र ऐकू नका. मोसंबीच्या खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावणाऱ्या घरात मोरचूद असतंच, त्यामुळे हा उपाय आपल्या भागात चटकन पटतो. मोरचुदात साधारण पाव हिस्सा तांबं असतं. 100 लिटरमध्ये 1 ग्रॅम टाकलं की लिटरला अडीच मिलिग्रॅम तांबं झालं. आजारी समुद्री माशांना वेगळ्या टाकीत तांब्याचा उपचार देतात तेव्हा मात्रा असते लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास, तीही रोज मोजून. म्हणजे तुमची चिमूट बारा पट. गोगलगाई, कोळंबी, प्रवाळ तर त्या 0.2 मध्येच मरतात. त्यातून हे तांबं चुनखडी दगडात आणि वाळूत शिरून बसतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. एकदा मोरचूद पडलेल्या दगडावर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही.

जिवंत दगड: भारतातले कठीण प्रवाळ 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, समुद्री घोडेही. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं गुन्हा आहे. सुका दगड घ्या, जिवाणू त्यावर बसतात. समुद्री गोगलगाईही मागवायच्या तर आधी हिरवं दिसू द्या. स्वच्छ टाकीत त्या उपाशी मरतात. गोदावरीतल्या गोगलगाई खाऱ्या पाण्यात टाकायचा विचार कुणाच्या मनात असेल तर सोडून द्या.

राहिलं नायट्रेट शून्य. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे दुसरे सूक्ष्म जीव माजतात: तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले धागे. डायटमपेक्षा ते कितीतरी हट्टी, आणि त्यातले काही विषारी; गोगलगाई ते खाऊन मरतात. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमच्या घरात राहू द्या. पाणी तपासायच्या किटवर शून्य दिसतंय आणि काचेवर हिरवं दाट आहे, तर फॉस्फेट संपलेलं नाही, शेवाळाने गिळलंय. अशा वेळी आकडा सोडा, शेवाळ हाताने काढा. पण धागे चिकट आणि बुडबुड्यांचे असतील, तर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काही तास बंद ठेवा आणि माशांना चार दाणे जास्त घाला.