दोन गिगचे पैसे भरूनही ९४०च का? ताईंच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या इंटरनेट सेवेला एक स्टार दिलात आणि लिहिलंत : "दोन गिगचा प्लॅन घेऊन दोन महिने झाले. स्पीड ९४०च्या वर एकदाही गेला नाही. माडीवर वायफाय २८०. मुलाच्या खोलीत वायर लावली तर ९४! म्हणे लाइन बऱ्याच घरांत वाटलेली असते. चवथीच्या आठवड्यात तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. लोकांना फसवू नका."

सोमवारी मी स्वतः येऊन गेलो. अडीच तास तुम्ही मला घरभर फिरू दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. जे सापडलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्लॅन घेतलेल्या डिचोली-साखळीकडच्या इतर घरांनाही ते लागू पडेल.

आधी फोनचं. त्या आठवड्यात वाऱ्याने माडाच्या झावळ्या पडून आमच्या तीन ठिकाणच्या केबल तुटल्या होत्या आणि आमचे दोन्ही कामगार शिडीवर होते. पण घरात चवथीची माणसं भरलेली असताना नेट अडलं, तर निदान कोणीतरी फोन उचलून "उद्या येतो" एवढं सांगायलाच हवं होतं. ते झालं नाही. माफ करा. आता ऑफिसचा फोन घ्यायला एक माणूस कायम बसवला आहे.

आता स्पीडचं. एक गिग म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट, आणि ९४०, २८०, ९४ हे सगळे आकडे मेगाबिटचेच. तुमचा ९४० हा आकडा योगायोगाने आलेला नाही. एक गिगच्या पोर्टमधून, म्हणजे वायर खोचायच्या खाचेतून, डेटा छोट्या छोट्या पाकिटांत जातो. वायरवर एक भरलेलं पाकीट १५३८ बाइटची जागा घेतं, त्यात तुमच्या कामाचे साधारण १४४८ बाइट. बाकीची जागा पत्ता, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधलं अंतर यांत जाते. हिशेब केला की हजारातले ९४१ हातात उरतात. म्हणून स्पीड टेस्ट दर वेळी ९३०-९४० वर येऊन ठाम थांबत असेल, तर वाटेत कुठेतरी एक गिगचा पोर्ट बसलाय असं समजावं. लाइन कमी पडते तेव्हा आकडा असा एका जागी राहत नाही, सकाळी एक आणि रात्री एक असा हलतो.

आणि तुमच्याकडे तो पोर्ट आमच्याच माणसाने निवडला होता. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला चार पोर्ट आहेत. त्यातला एकच अडीच गिगचा, बाकीचे तीन एक गिगचे. राऊटरची वायर दुसऱ्या पोर्टात खोचलेली होती. म्हणजे दोन महिने तुम्ही दोन गिगचे पैसे भरलेत आणि आम्ही दारातच अडसर लावून ठेवला होता. ही चूक पूर्णपणे आमची. दोन गिग आणि एक गिगच्या प्लॅनमधला दोन महिन्यांचा फरक तुमच्या खात्यावर मंगळवारी परत केला आहे.

वायर योग्य पोर्टात घातल्यावरही तुमच्या लॅपटॉपवर ९४०च आले, तेव्हा तुमचा चेहरा उतरला, तो मला दिसला. त्याचं कारण राऊटरमध्ये आहे. तुम्ही आणलेला राऊटर चांगला आहे आणि खोक्यावर 'अडीच गिग' छापलंय तेही खोटं नाही. पण ते फक्त आत येणाऱ्या वॅन पोर्टापुरतं खरं आहे. घराकडे जाणारे चारही लॅन पोर्ट एक गिगचे आहेत. म्हणून मी दुसरा लॅपटॉप काढला आणि दोन्हींवर एकाच क्षणी टेस्ट लावली : एकावर ९२०, दुसऱ्यावर ९१०. दोन गिग तुमच्या घरात येतायत. पण त्या राऊटरमधून वायरने कुठल्याही एका मशीनला ते सगळे मिळू शकत नाहीत. हे प्लॅन विकतानाच सांगायची जबाबदारी आमची होती. यापुढे राऊटरच्या मागची बाजू बघितल्याशिवाय आम्ही हा प्लॅन चालू करणार नाही.

मुलाच्या खोलीतल्या ९४ चंही असंच आहे. तो १०० च्या पोर्टाचा आकडा आहे. एक गिगला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. उरलेल्यांतली एक जोडी तुटली की दोन्हीकडची मशीनं बहुधा गुपचूप १०० वर उतरतात आणि नेट चालूच राहतं, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. तुमच्या वळचणीखालच्या जोडात तपकिरी जोडीच्या टोकाला हिरवं कीटण चढलं होतं आणि ती तुटलेली होती. शिवाय ती केबल पूर्ण तांब्याची नाही, आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. आपल्या पावसात अशा केबलचे जोड फार दिवस टिकत नाहीत. ती मी पूर्ण बदलतो. केबलचे पैसे घेईन, मजुरी घेणार नाही. तुम्हाला एका दुकानात कॅट एट, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची केबल, घ्यायला सांगितलं, त्याची गरज नाही. अडीच गिगचं २०१६ चं मानक मुळात आधीच बसवलेल्या साध्या कॅट फाइव्ह ई केबलसाठीच केलं गेलं आणि तिच्यावर ते १०० मीटरपर्यंत चालतं. मी कॅट सिक्स टाकेन. अख्खं तांबं, मध्ये एकही जोड नाही.

माडीवरच्या २८० ला मात्र कोणाचीच चूक नाही. राऊटर खाली हॉलमध्ये, मध्ये दीड-दीड फुटाच्या चिऱ्याच्या दोन भिंती, त्याही भादव्यात ओल धरलेल्या. वायफायचा पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे दमतो. तुमचा फोन राऊटरच्या शेजारी बसूनही १२०० वर जोडला जातो आणि प्रत्यक्षात सात-आठशेच देतो. दोन गिग त्या फोनवर कधीच दिसणार नाहीत. यासाठी रिपीटर घेऊ नका. साधा रिपीटर ज्या हवेतून घेतो त्याच हवेतून पुढे देतो, म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. मुलाच्या खोलीत नवी केबल जाणारच आहे, तिच्या टोकाला एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने नेट घेऊन तिथेच वायफाय देणारा डबा, लावू. माडी सुटेल.

लाइन वाटलेली असते हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. जीपॉन या फायबर वाटायच्या जुन्या तंत्रात एका फायबरवरच्या सगळ्या घरांना मिळून खाली येणारे सुमारे २.४८ गिग असतात. त्यावर कोणी दोन गिगचा प्लॅन विकला तर तुमचा राग योग्यच म्हणेन. तुमच्या वाड्यावर एक्सजीएस-पॉन हे त्याच्या पुढचं तंत्र आहे, म्हणजे दोन्ही दिशांना जवळपास १० गिग, आणि आमच्या जोडणीत ते ३२ घरांत वाटलेले. वाळपईकडे आमचं अजून जीपॉनच आहे, म्हणून तिथे हा प्लॅन आम्ही देत नाही.

तुमच्या मुलाने विचारलं होतं की फाईल उतरवताना ११०च का दिसतात. ते मेगाबाइट आहेत. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठाने गुणलं की ८८० मेगाबिट. म्हणजे खोलीतली ती ९४ ची वायर नव्हे, तोच एक गिगचा पोर्ट. पण त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती पैसे खर्च करण्याआधी कळलेली बरी. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री अपलोड करतो. १०० जीबी पाठवायला ९४० वर चौदा मिनिटं लागतात, १९०० वर सात. एवढ्यासाठी दोन गिगला नक्की अर्थ आहे. पण त्याचं शूटिंग ज्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असतं, ती सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइटच वाचून देते. दोन गिगला अडीचशे लागतात. म्हणजे त्याला अपलोडच्या फाईल आधी एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, घ्याव्या लागतील, अडीच गिगचा लॅन पोर्ट असलेला राऊटर लागेल, आणि लॅपटॉपला अडीच गिगचं यूएसबी ॲडाप्टर. तेही यूएसबी थ्रीच्या पोर्टात. जुन्या यूएसबी टू मध्ये घातलं तर ४८० च्या आतच अडकेल.

हा खर्च तुम्हाला पटत नसेल तर एक गिगवर या, मी स्वतः तसं सुचवतो. टीव्ही, फोन, होमस्टेचे पाहुणे, सगळे धरूनही एक गिग तुम्हाला पुरून उरेल. फोर-केचा एक व्हिडिओ पंधरा ते पंचवीस मेगाबिटच मागतो. प्लॅन बदलायचा चार्ज लागणार नाही.

शनिवारी सकाळी दहाला केबल घेऊन येतो. राऊटर आणि ॲडाप्टर माझ्याकडचे महिनाभर वापरून बघा, घ्यायचे की नाही ते नंतर ठरवा. तेवढा मुलगा घरी असू दे. टेस्ट त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच हाताने करू, आणि जो आकडा येईल तो तुम्हीच इथे लिहा.